काडतूस ठरेपर्यंत

समजा, तुम्ही दहा वर्षांचे आहात आणि कुणी तुमच्या तळहातावर एक काडतूस ठेवलं आहे. घाबरायचं कारण नाही. बंदूक भेटेपर्यंत काडतूस मेणबत्तीच्या तुकड्याइतकंच गरीब असतं. आता मूठ मिटा. पितळेची बाजू गार लागते ना? पुठ्ठ्याची बाजू जरा ओलसर, पावसाळ्यानंतरच्या वहीसारखी. वजन म्हणाल तर कोंबडीच्या अंड्याएवढं.

वेदिकाने मूठ उघडली आणि ते नाकाशी नेलं.

"आजोबा, याला सुकटीचा वास येतोय."

"येणारच," महिपत म्हणाले. "डबा तुझ्या आजीने सुकटीच्या बरणीशेजारी ठेवलाय. बारूद कोरडी राहावी म्हणून चुलीवरच्या फळीवर ठेव म्हटलं, तर ही शेजारीण मिळाली तिला."

त्यांनी पत्र्याचा डबा सुपात उपडा केला. आणखी चार काडतुसं गडगडली. तीन लाल, एक हिरवं. स्वयंपाकघरातून गोदाआजीचा आवाज आला.

"त्या सुपात मला पावटे पाखडायचेत. तुमचं काडतूस ठरेपर्यंत ते डुक्कर म्हातारं होऊन आपोआप मरेल."

महिपतांनी ऐकलं नाही असं दाखवलं. ते त्यांना चांगलं जमत असे.

डुक्कर मारायच्या परवानगीचा कागद काल, सोमवारी दुपारी आला होता. भात पोटरीत होतं तेव्हा वाडीने अर्ज केला. कागद इकडून तिकडे हिंडून परतला तेव्हा भात कापून, झोडून, माळ्यावर जाऊन बसलं होतं. डुकराला त्याची फिकीर नव्हती. भात संपलं तसं ते वेदिकाच्या कणग्यांकडे वळलं.

कणगी माहीत आहे ना? रताळ्याची चुलतबहीण, पण रताळ्यासारखी गोडगोड बोलणारी नाही. उकडली की पांढरीशुभ्र, पिठूळ, आणि सोबत खोबऱ्याचा तुकडा असला की दुसरं काही लागत नाही. वेदिकाने जूनमध्ये स्वतःच्या हाताने मातीचे अकरा ढीग घालून त्या लावल्या होत्या. तिचे बाबा, संदेश, मुंबईला एका कारखान्यात होते. देवदिवाळीला ते येणार होते. दुकानातल्या फोनवर ते म्हणाले होते, "तुझ्या हातची कणगी खायला येतोय. माझ्यासाठी ठेव." तेव्हापासून वेदिका रोज शाळेआधी ढीग मोजून येई. वेल पिवळा पडून वाळल्याशिवाय कणगी काढायची नाही, आधी काढली तर ती पाणचट लागते, हे आजोबांनीच शिकवलेलं. वेल अजून हिरवा होता. ढीग मात्र अकराचे नऊ झाले होते.

आज सकाळी आजोबा तिच्याबरोबर शेतावर आले. पाटाच्या ओल्या मातीत खुरांचे ठसे होते. महिपत उकिडवे बसले आणि बराच वेळ बघत राहिले. मग बांधावर शेजाऱ्याचा, भागोजीचा, खोकला ऐकू आला. महिपत उठले आणि ती ओली माती वहाणेने सारखी केली. पडवीतल्या धुळीत ते वेदिकाला बोटाने गणितं घालत आणि सुटलं की तळपायाने पुसून टाकत, अगदी तसंच.

"नर आहे," ते भागोजीला म्हणाले होते. "एकटा. मोठे सुळे असणार."

आणि आता ते पडवीत बसून दुसरं गणित सोडवत होते.

"हे लाल, एल.जी.," त्यांनी एक काडतूस उभं केलं. "खाली ही पितळेची टोपी, तिच्यात बारूद. बारुदीपुढे नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, चकती. चकतीपुढे छर्रे. मटाराच्या दाण्याएवढे, सहा-सात. बार निघाला की पसरतात. आणि हे हिरवं, बॉल. याच्यात एकच गोळी, बोराएवढी. आता सांग, डुकराला काय लागेल?"

"सहा," वेदिका म्हणाली. "एकापेक्षा सहा जास्त."

"शाळेत जास्त. इथे थांब जरा." त्यांनी स्वतःच्या खांद्यावर थाप मारली. "नराच्या खांद्याला इथे जाड कातडं असतं, ढालीसारखं. मटार त्याच्यात अडकतात. डुक्कर पळून जातं, आणि जाळीत बसून चार दिवस कण्हतं. ज्याने मारलं त्याला ते ऐकू येत नाही, एवढंच. म्हणून काडतूस निवडताना पहिला प्रश्न, जनावर कोण. दुसरा प्रश्न, त्याला एका क्षणात संपवेल असं माझ्याजवळ काय आहे. आणि तिसरा..."

"तिसरा काय?"

"तिसरा उद्या."

तिसरा प्रश्न राहिला, कारण भागोजी पायरीवर येऊन उभा होता.

भागोजी साठीचा, सडसडीत, शेजारच्या घरातला. त्याची स्वतःची ठासणीची बंदूक होती, पण परवान्याच्या नूतनीकरणाच्या अर्जावर त्याने चुकून मुंबईच्या जावयाचा फोटो चिकटवला, तेव्हापासून ती जमा होती. वाडीत आता बंदूक एकच, महिपतांची, एकनळी बाराबोर. कागदातही तसंच लिहिलं होतं: एक रानडुक्कर, परवानाधारकाने स्वतः, येत्या सोमवारी सूर्यास्तापर्यंत.

"दादा, बॉल काढून ठेव," भागोजी बसता बसता म्हणाला. "एल.जी. घाल. बॉल चुकली की चुकली. एल.जी.चा एक तरी दाणा कुठे ना कुठे लागतो."

"कुठे ना कुठे लागायला तो काय प्रसादाचा शेंगदाणा आहे?"

"एकाहत्तर साली मी एल.जी.नेच पाडलं होतं."

"तेव्हा ते दोन मणांचं होतं. मागच्या शिमग्याला तीन मणांचं झालं. मेल्यावरही वाढणारं डुक्कर वाडीत तुझं एकच."

गोदाआजी आत हसली, पण भांड्याचा आवाज करून.

"हसा हसा वहिनी," भागोजी म्हणाला. "माझं अर्धं भात लोळवलंन. घरात चार माणसं खाणारी. नर असो, मादी असो, मला फरक नाय. मादी असली तर आधी मारावी. एक मादी म्हणजे पुढच्या वर्षी आठ डुकरं."

महिपत काडतूस फडक्याने पुसत होते. ते पुसतच राहिले.

"नर आहे म्हटलं ना," ते म्हणाले. "म्हणून तर बॉल."

तो दिवस तिथेच गेला. बुधवारी सकाळी वेदिकाने सात ढीग मोजले. दोन ढिगांच्या जागी खड्डे होते आणि खड्ड्यांत कणग्यांची सालं. आजोबांनी आदल्या संध्याकाळी शेताभोवती करवंदीच्या काट्या रचल्या होत्या. त्यांच्यातून डुक्कर असं गेलं होतं की जणू कुणी दार उघडून धरलं असावं.

"दोघांनी लवकर ठरवा ना," ती संध्याकाळी म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला.

भागोजीला ते लागलं. तो म्हणाला, "पोरीचं खरं आहे. आपण भांडणार, नि डुक्कर चरणार. देवीला कौल लावू."

वाघजाईच्या देवळात हरिश्चंद्र गुरव पूजा आटपून घरी निघाला होता. गुडघेदुखीने बेजार झालेला हा माणूस कौल लावायचा म्हटला की गुडघे विसरत असे. त्याने मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्याने एकेक पाकळी चिकटवली.

"दोन्हीकडे पाणी सारखं लाव हो," महिपत म्हणाले. "नंतर बोलायला जागा नको."

"पस्तीस वर्षं लावतोय मी."

"तरी पण. डावीकडे जरा कमी दिसतंय."

हरिश्चंद्राने डावीकडे आणखी एक बोट पाणी लावलं. महिपतांना मग उजवीकडे कमी दिसलं. शेवटी दोन्ही खांदे एकसारखे निथळायला लागले तेव्हा त्यांचं समाधान झालं.

हरिश्चंद्राने हात जोडून गाऱ्हाणं घातलं. "माये वाघजाई, तुझी लेकरं अडली हायत. डुक्कर एक हाय, बंदूक एक हाय, काडतुसं दोन जातीची हायत. बॉल घालायची तर उजवी दे. एल.जी. घालायची तर डावी दे. काय चुकलंमाकलं असेल तर पदरात घे आणि वाट दाखव."

"व्हय महाराजा," भागोजी नि महिपत म्हणाले.

मग सगळे बघत बसले. देवळात बसून पाकळीकडे बघणं सोपं नाही, तुम्ही कधी बघा. आधी ती हलल्यासारखी वाटते, मग आपणच हललो असं वाटतं. पाल चुकचुकली. भागोजीने खोकला गिळला. वेदिका मनात म्हणत होती, कुठलीही दे, पण आज दे.

आणि दोन्ही पाकळ्या एकदमच खाली आल्या.

हरिश्चंद्राने मूर्तीकडे पाहिलं, मग महिपतांकडे.

"दोन्ही दिल्यान."

"म्हणजे?" भागोजी म्हणाला.

"म्हणजे दोन्ही घाला. एका नळीत एक, दुसऱ्या नळीत दुसरं. देवीचं बरोबर असतं."

"बंदूक एकनळी आहे," महिपत शांतपणे म्हणाले.

हरिश्चंद्र विचारात पडला. देवीला बंदुकीची नळी एक की दोन हे आधी सांगायला हवं होतं, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. पण एकाच कामासाठी एका दिवसात दुसरा कौल लावायची त्या देवळात रीत नव्हती. परतीच्या वाटेवर नवा प्रश्न उभा राहिला होता: दोन्ही घालायची, तर आधी कुठलं? भागोजीचं म्हणणं, आधी एल.जी., म्हणजे डुक्कर लंगडं होईल आणि मग सावकाश बॉल. महिपतांचं म्हणणं, लंगडं डुक्कर काडतूस बदलेपर्यंत थांबत नाही, ते आपल्याकडे येतं. त्यावर भागोजीने आपण कुठल्या झाडावर चढू ते सांगितलं. महिपतांनी त्या झाडाची फांदी मागच्या वादळात पडल्याची आठवण दिली. गुरुवार त्यातच मावळला.

शुक्रवारी महिपतांनी बॉलचं काडतूस नळीत घालून बघितलं, आणि ते बसेना. पावसाळ्याने पुठ्ठा फुगला होता.

"ऊन द्यायला हवं," ते म्हणाले, आणि सूप अंगणात ठेवून आले.

सुपात एका बाजूला गोदाआजीची सुकट वाळत होती. दुसऱ्या बाजूला काडतूस ठेवलं. आता सुकटीच्या शेजारी वर्षभर राहिलेलं काडतूस पुन्हा सुकटीच्या शेजारी उन्हात ठेवलं तर काय होईल, हे तुम्हाला कळलं असेल. महिपतांसारख्या जाणत्या माणसाला ते कळू नये याचं वेदिकाला नंतर नवल वाटलं. दुपारी बघते तर सुकट अर्धी, घरचं मांजर गायब, आणि वाडीतलं एकमेव बॉलचं काडतूस त्याच्याबरोबर.

अख्ख्या वाडीने मांजर शोधलं. "मारू नका त्याला," महिपत सगळ्यांना सांगत होते, "तोंडात बारूद आहे त्याच्या." त्यामुळे कुणीच जवळ जाईना. शनिवारी दुपारी गोठ्याच्या माळ्यावर, पेंढ्यात, वेदिकाला काडतूस सापडलं. हिरव्या पुठ्ठ्यावर दातांच्या चार खुणा होत्या.

"उष्टं झालं," भागोजी म्हणाला. "आता एल.जी.च."

"दात वरच्यावर लागलेत. आतल्या मालाला धक्का नाही. आणि उन्हाने बारीक झालंय, बघ, आता बसतंय."

"मांजराचं उष्टं काडतूस घेऊन तू डुकरासमोर जाणार?"

"डुक्कर सोवळं पाळतं का?"

वेदिका उठून आत गेली. पाच ढीग उरले होते, आणि ही माणसं हसत होती.

रविवारी शाळा नव्हती. उजाडता उजाडता ती एकटीच शेतावर गेली. धुकं पाटावर कापसासारखं पडलं होतं. बांधावरच्या माडाआड ती थांबली, कारण समोर माती उकरल्याचा आवाज येत होता.

एक मोठं, काळपट जनावर तिच्या ढिगात तोंड घालून उभं होतं. सुळे नव्हते. पोट लोंबत होतं. आणि त्याच्या मागे, पुढे, पायांतून, पाच पिल्लं. चिबडाच्या फळावर असतात तसे पिवळे पट्टे त्यांच्या अंगावर होते. जणू कुणी पाच लहान चिबडांना पाय लावून सोडून दिलं होतं. एक खड्ड्यात पडलं. वर यायला त्याने तीनदा उडी मारली, तिन्ही वेळा पाठीवर पडलं. आईने मान न वळवता नाकाने त्याला बाहेर ढकललं आणि पुन्हा कणगी खायला लागली.

वेदिकाच्या हातात दगड होता. तो कधी उचलला ते तिला आठवत नव्हतं.

कसला तरी आवाज झाला. आई हुंकारली, आणि पाच चिबडं एका ओळीत तिच्यामागून करवंदीच्या जाळीत शिरली. वेदिका पुढे होणार, तेवढ्यात ओळखीची वहाण वाजली. आजोबा येत होते. त्यांच्या डोक्यावर काट्यांचा भारा होता, बंदूक नव्हती. त्यांनी भारा टाकला, नवा खड्डा पाहिला, आणि खड्ड्याजवळ उभे राहून घराच्या दिशेने पाहिलं. अपराधी माणूस बघतो तसं. मग ते पाटाशी आले, वाकून ठसे पाहिले, आणि वहाणेने सावकाश पुसायला लागले. मोठा ठसा त्यांनी तसाच ठेवला. फक्त लहान पुसले. सगळे पुसून झाल्यावर ते काट्या रचायला बसले.

वेदिका मागच्या वाटेने घरी आली. दगड तिने दारात टाकला आणि आजीशेजारी पावटे सोलायला बसली.

"चार," ती म्हणाली.

"चार काय?"

"ढीग." थोड्या वेळाने तिने विचारलं, "आजी, आजोबांनी कधी डुक्कर मारलंय?"

"एकदा. तुझा बापूस लहान होता तेव्हा. बॉलच घातली होती. एका बारात पडलं."

"मग?"

"मग काय गो. वाडीने वाटे केले. दुसऱ्या दिवशी पहाटे हे परत तिथेच गेले, आणि दुपारपर्यंत जाळीतनं काहीतरी शोधत होते." आजीने एक किडका पावटा बाजूला टाकला. "सापडलं का विचारलं नाही मी. बंदूक तेवढी दर वर्षी पुसतात."

पावट्याची टरफलं वेदिकाच्या मांडीवर साठत गेली. आजोबा खोटं बोलले होते. तिच्या कणग्या जात होत्या हे त्यांना माहीत होतं आणि तरी ते खोटं बोलले होते. त्या दिवशी ती त्यांच्याशी बोलली नाही. त्यांनी धुळीत घातलेलं गणितही सोडवलं नाही. महिपतांनी ते स्वतःच सोडवलं आणि पुसून टाकलं.

सोमवारी शाळेतून ती आली तेव्हा भागोजी पडवीत तयार बसला होता. पायात बूट, जावयाचे. बाजूला बंदूक, आणि बंदुकीशेजारी दात लागलेलं हिरवं काडतूस.

"मी हरलो," भागोजी म्हणाला. "बॉल तर बॉल. सूर्य बुडेपर्यंत कागद चालतो. ऊठ दादा. बांधावर दबा धरू. दोन दिवस झाले, दिवस कलायच्या आत उतरतंय म्हणतात."

समोरचा माणूस हरला की वाद घालणाऱ्याची फार पंचाईत होते. महिपतांनी काडतूस उचललं, पुसलेलं होतं तरी पुसलं.

"चष्मा..." ते म्हणाले.

"तुझ्या नाकावर आहे."

महिपत उठले. अगदी सावकाश उठले, आणि पायऱ्यांशी जाऊन वहाणांकडे बघत उभे राहिले.

"आणि जनावर नीट सांग," भागोजी म्हणाला. "मी एकदा पण ठसे धड बघितले नाहीत. दर वेळी माती सारखीच झालेली. ही पोरगी रोज जाते, हिला विचारतो. वेदिका, नरच ना गो? खूर केवढा?"

दोघांनीही तिच्याकडे पाहिलं. भागोजीने पटकन, आजोबांनी जरा उशिराने. त्यांच्या वहाणेच्या काठाला पाटाची वाळलेली माती होती.

आज सकाळी तीन ढीग उरले होते.

वेदिकाने दप्तर खाली ठेवलं आणि हाताची मूठ करून दाखवली. "एवढा."

"एकटाच?"

"एकटाच," ती म्हणाली. मग तिने सुपाच्या कडेला बसकण मारली आणि शाळेत बाई विचारतात तसं सावकाश विचारलं, "भागोजी आजोबा, पण गोळी चुकली, तर पुढे कुठे जाईल?"

"कुठे म्हणजे?"

"एल.जी. पसरते, लवकर थकते. बॉल लांब जाते. आमच्या शेतामागे पायवाट आहे, आणि वाटेपुढे एसटीचा थांबा. पालीहून साडेपाचची गाडी येते ना?"

महिपतांच्या भुवया चष्म्याच्या वर गेल्या. "तिसरा प्रश्न," ते पुटपुटले. "जनावराच्या मागे काय आहे. हा मी तुला सांगितलाच नव्हता."

"मी हेच सांगत होतो," भागोजी गुडघ्यावर हात आपटून म्हणाला. "पहिल्या दिवसापासनं. एल.जी. घाला, एल.जी. घाला."

"एल.जी. ढालीत अडकते, त्याचं काय?"

"अडकू दे. माणसांत तर नाय ना अडकत."

"तू बस बघू खाली. अंतर किती आहे ते आधी ठरवू. माडापासून ढिगापर्यंत पन्नास पावलं."

"पन्नास कसली. चाळीस. माझी पावलं मोठी."

"तुझ्या जावयाच्या बुटांत मोठी."

भागोजी बसला. महिपतही बसले. बसताना त्यांनी बंदूक भिंतीला टेकवली आणि काडतूस डब्यात ठेवलं, दुसऱ्या हाताने, बोलता बोलता. गोदाआजीने न सांगता चहा आणून ठेवला. चहा दोनदा झाला. साडेपाचची गाडी सहाला आली आणि गेली. माडांच्या मागे सूर्य लाल झाला, मग अर्धा, मग नव्हताच. भागोजीला ते पहिल्यांदा कळलं, आणि तो उठला.

"गेला कागद," तो म्हणाला. मग तो अंगणातल्या भाताच्या पेंढ्याकडे वळला. आवाज उतरला होता. "दादा, माझं भात गेलंय. गंमत नाय माझी. मी नवा अर्ज करणार. त्यात जनावराचं माप लिहावं लागतं. सकाळी मी स्वतः येतो, पट्टी घेऊन."

"ये," महिपत म्हणाले. "तुला माळ्यावरचं पाच पायली भात घेऊन जा म्हटलं होतं, ते नेलंस का?"

"नाय."

"मग सकाळी त्यासाठी पण ये."

तो गेल्यावर महिपतांनी कागदाची घडी घालून ती डब्यात, काडतुसांवर ठेवली. वेदिकाकडे त्यांनी पाहिलं नाही. धुळीत बोटाने तीन लिहिलं, थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसले, आणि ते मात्र पुसलं नाही.

आणि वेदिकाने काय केलं? दुसऱ्या दिवशी, कोंबड्याने पहिली बांग दिली न दिली तोच ती उठली. आजोबा कांबळ्यात घोरत होते. काट्या रचून रचून त्यांची बोटं ओरबाडलेली होती. पायरीवर दोन जोड होते, तिच्या चपला आणि त्यांच्या वहाणा. तिने कोपऱ्यातली कुदळ घेतली आणि पाय वहाणांत घातले. तिच्या पायांना त्या होड्यांएवढ्या होत्या. फटक फटक करत ती शेतावर पोचली.

रात्रीतून तिसरा ढीग गेला होता. उरलेल्या दोहोंवरचा वेल शेंड्यापासून मुळापर्यंत पिवळा झाला होता. तिने एक ढीग खणला. मातीतून सहा कणग्या निघाल्या, दोन तर बाबांच्या मुठीएवढ्या. त्या तिने फ्रॉकच्या ओच्यात भरल्या. दुसऱ्या ढिगाशी ती थोडा वेळ उभी राहिली. त्याला तिने हात लावला नाही.

पाटाच्या ओल्या मातीत ठसे ताजे होते, एक मोठा आणि त्याच्या अवतीभवती कितीतरी लहान. बांधाच्या पलीकडून भागोजीचा खोकला ऐकू आला. वेदिकाने कुदळ खाली ठेवली, ओचा एका हाताने घट्ट धरला, वहाणेचा अंगठा नीट अडकवला, आणि मोठा खूर तेवढा शिल्लक ठेवून लहान लहान गणितं एकेक करून पुसत गेली.